समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणातील मुक्त पाठ्यपुस्तके

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणातील मुक्त पाठ्यपुस्तके म्हणजे एम.एस.डब्ल्यू. अथवा तत्सम अभ्यासक्रमांसाठी क्रमिक पुस्तक म्हणून नेमली जाणारी, विनामूल्य उपलब्ध असलेली आणि जतन करण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा परवान्याद्वारे सर्वांना देणारी पुस्तके होत. अशी पुस्तके लिहिण्याची व स्वीकारण्याची चळवळ प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढीस लागली. तेथील क्रमिक पुस्तकांच्या वाढत्या किमती हे तिचे तात्कालिक कारण होते. मात्र शिक्षकाला पुस्तक आपल्या विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार बदलता येणे, हे तिचे अधिक टिकाऊ फलित मानले जाते. वंचितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या व्यवसायाचे शिक्षणच पैशांअभावी कोणाला अपुरे मिळू नये, असा एक नैतिक विचारही या चळवळीमागे आहे.

संकल्पना

'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी या विषयात त्यांच्यात स्पष्ट भेद केला जातो. एखाद्या प्रकाशकाने पुस्तक काही काळ संकेतस्थळावर फुकट वाचू दिले, तर ते मोफत होते, पण मुक्त होत नाही. प्रकाशकाच्या मनात येईल तेव्हा ते काढून घेता येते आणि वाचकाला त्यात एका शब्दाचाही फेरफार करता येत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरून मिळवलेले ई-पुस्तकही विद्यार्थ्याला विनामूल्य वाचता येते. मात्र पदवी हाती पडल्यावर त्याचा ग्रंथालयातील प्रवेश संपतो आणि पुस्तकही त्याच्या हातून जाते. काही विद्यापीठांत पुस्तकाचे मूल्य शिक्षण शुल्कातच मिळवून आकारले जाते. ही सोय असली तरी पुस्तक मोफतही नसते आणि मुक्तही नसते.

मुक्त साहित्याची कसोटी म्हणून डेव्हिड विली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने मांडलेले पाच अधिकार सर्वत्र उद्धृत केले जातात. प्रत कायमची जवळ ठेवणे, तिचा हवा तसा वापर करणे, तीत बदल करणे, इतर साहित्याशी तिची जुळणी करणे आणि मूळ वा बदललेली प्रत इतरांना देणे, असे हे पाच अधिकार आहेत. विली यांच्या मूळ मांडणीत चार अधिकार होते. प्रत कायमची जवळ ठेवण्याचा अधिकार त्यांनी २०१४ मध्ये जोडला. भाड्याने मिळणाऱ्या व ठरावीक मुदतीनंतर बंद होणाऱ्या अंकीय पुस्तकांचे प्रमाण वाढल्यामुळे या अधिकाराचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक ठरला.

परवाने

बहुतेक मुक्त पाठ्यपुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली प्रसिद्ध होतात. या परवान्यांत लेखकाचा प्रताधिकार नष्ट होत नाही. लेखक आपल्या अधिकारांपैकी काहींचा वापर इतरांना आगाऊ परवानगी न मागता करू देतो. परवान्यांतील अटी पुढीलप्रमाणे आहेत :

श्रेयनिर्देश – मूळ लेखकाचे नाव व परवाना नमूद करणे बंधनकारक असते. ही अट सर्व सहा प्रमुख परवान्यांत आहे.

समान परवाना – बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली प्रसिद्ध करावी लागते.

अव्यावसायिक वापर – मुख्यतः आर्थिक लाभासाठी साहित्य वापरता येत नाही.

रूपांतरास मनाई – मूळ मजकूर जसाच्या तसा वाटता येतो, पण बदललेली आवृत्ती इतरांना देता येत नाही.

शेवटची अट असलेले पुस्तक वरील पाच अधिकारांच्या कसोटीला उतरत नाही. भाषांतर हेही कायद्याच्या दृष्टीने रूपांतरच असल्यामुळे अशा पुस्तकाचा अनुवाद स्वतंत्र परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. इंग्रजीखेरीज अन्य भाषांत शिकणाऱ्यांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

अव्यावसायिक अटीच्या अर्थाविषयी न्यायालयीन वादही झाले आहेत. ना-नफा शैक्षणिक वापरासाठी शाळेने छपाईच्या दुकानाकडून पैसे देऊन प्रती काढून घेतल्यास अटीचा भंग होतो काय, असा प्रश्न अमेरिकेत उपस्थित झाला होता. तेथील दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये भंग होत नाही असा निर्णय दिला. दुकान हे शाळेच्या वतीने काम करणारे केवळ साधन आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिल्यावर, त्याच्या अटी पाळणाऱ्याकडून तो परत घेता येत नाही. फ्लॅट वर्ल्ड नॉलेज या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २०१३ च्या आरंभी आपल्या पुस्तकांच्या मोफत आवृत्त्या देणे बंद केले, तेव्हा या तरतुदीचा प्रत्यय आला. आधी मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या इतर संस्थांनी जतन केल्या होत्या. त्यामुळे त्या पुढेही वापरात राहिल्या.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या उन्हाळी वर्गापासून मानला जातो. मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्ती व कुटुंब यांच्या अडचणींचा पद्धतशीर तपास कसा करावा हे त्यात सांगितले होते. जेन अॅडम्स यांचे 'ट्वेंटी इयर्स अॅट हल-हाउस' हे पुस्तक १९१० चे आहे. हे दोन्ही ग्रंथ आता अमेरिकेत प्रताधिकारमुक्त असून कोणालाही विनामूल्य वाचता येतात. व्यवसायाचा इतिहास शिकवताना त्यांचा उपयोग होतो. मात्र आजचे कायदे, आजच्या संस्था व आजच्या पद्धती यांसाठी नवी पुस्तके लागतात आणि ती दीर्घकाळ केवळ व्यावसायिक प्रकाशकांकडूनच मिळत होती.

मुक्त शैक्षणिक साधनांच्या चळवळीने एकविसाव्या शतकाच्या आरंभी आकार घेतला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याचा निर्णय २००१ मध्ये जाहीर केला. 'मुक्त शैक्षणिक साधने' ही संज्ञा युनेस्कोने २००२ मध्ये बोलावलेल्या परिषदेत रूढ झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाची पहिली क्रमिक पुस्तके निघाली. मिनेसोटा विद्यापीठाने मुक्त पाठ्यपुस्तकांची सूची असलेले संकेतस्थळही त्याच वर्षी सुरू केले. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांविषयीची शिफारस स्वीकारली.

आरंभीची बहुतेक पुस्तके पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, मोठ्या विद्यार्थिसंख्येच्या विषयांसाठी होती. एकच पुस्तक लाखो विद्यार्थ्यांना उपयोगी पडत असल्यामुळे त्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो, असा त्यामागील हिशेब होता. पदव्युत्तर पातळीवर विद्यार्थी कमी व विषय अधिक विशेषीकृत असतात. त्यामुळे समाजकार्यासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे ही चळवळ उशिरा वळली.

समाजकार्य शिक्षणातील निकड

अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात महाविद्यालयीन क्रमिक पुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या. शिक्षण शुल्कातील वाढ याच काळात ६३ टक्के होती. एका विद्यार्थी-हितसंघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६५ टक्के विद्यार्थ्यांनी किमतीमुळे एखादे नेमलेले पुस्तक न घेतल्याचे सांगितले होते.

हा प्रश्न सर्वच विद्याशाखांचा असला, तरी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना तो अधिक जाचक ठरण्याची काही कारणे आहेत. अमेरिकेतील समाजकार्य अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणाऱ्या, १९५२ साली स्थापन झालेल्या समाजकार्य शिक्षण परिषदेच्या मानकांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य पूर्ण करावे लागते. रुग्णालये, शाळा, निवारागृहे, बालकल्याण संस्था अशा ठिकाणी होणारे हे काम बहुधा विनावेतन असते. या काळात विद्यार्थ्याला अर्थार्जनासाठी वेळ कमी मिळतो. पदवीनंतर मिळणारे वेतनही अनेक व्यवसायांच्या तुलनेत बेताचे असल्यामुळे शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा भार दीर्घकाळ राहतो.

ज्याच्याजवळ पुस्तक नाही, असा विद्यार्थी ते नसल्याचे सहसा वर्गात सांगत नाही. तो मित्राकडून प्रत मागतो, जुनी आवृत्ती वापरतो किंवा केवळ टिपणांवर भागवतो. शिक्षकाला मात्र तो अभ्यासात मागे पडल्याचे तेवढे दिसते. असाच विद्यार्थी त्याच आठवड्यात क्षेत्रकार्यासाठी एखाद्या कुटुंबाला भेट देत असेल, तर त्याच्या अपुऱ्या तयारीचा परिणाम त्याच्या गुणपत्रिकेपुरता राहत नाही. तो त्या कुटुंबापर्यंत पोहोचतो.

अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नीतिसंहितेत सेवा, सामाजिक न्याय, व्यक्तीची प्रतिष्ठा, मानवी नात्यांचे महत्त्व, सचोटी आणि व्यावसायिक क्षमता ही सहा मूल्ये सांगितली आहेत. पाठ्यपुस्तकाची निवड ही वरवर पाहता शैक्षणिक बाब असली, तरी सामाजिक न्याय शिकवणारे पुस्तकच काही विद्यार्थ्यांना परवडू नये ही विसंगती आहे, असे मुक्त पुस्तकांचे पुरस्कर्ते म्हणतात.

दुसरे कारण आशयाशी संबंधित आहे. समाजकार्याचे ज्ञान लवकर शिळे होते. वर उल्लेखिलेली नीतिसंहिता १९९६ मध्ये स्वीकारली गेली. तीत २०१७ मध्ये तंत्रज्ञानाच्या वापरासंबंधी आणि २०२१ मध्ये कार्यकर्त्याने स्वतःची काळजी घेण्यासंबंधी महत्त्वाची भर घालण्यात आली. परिषदेची शैक्षणिक मानकेही २०१५ व २०२२ मध्ये बदलली. छापील पुस्तकात हे बदल पुढील आवृत्ती निघेपर्यंत येत नाहीत आणि नवी आवृत्ती निघाली की जुनीचे मोल उतरते. मुक्त पुस्तकात शिक्षक संबंधित प्रकरण लगेच सुधारू शकतो.

एका पुस्तकाची वंशावळ

बदलाच्या अधिकाराचा प्रत्यक्ष अर्थ संशोधनपद्धती या विषयाच्या पुस्तकांवरून चांगला समजतो. हा विषय समाजकार्याच्या सर्व अभ्यासक्रमांत शिकवला जातो आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना तो अवघड वाटतो.

मेन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एमी ब्लॅकस्टोन यांचे समाजशास्त्रीय संशोधनाच्या तत्त्वांवरील पुस्तक २०१२ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. ते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले होते. व्हर्जिनिया राज्यातील रॅडफर्ड विद्यापीठात समाजकार्य शिकवणारे मॅथ्यू डिकार्लो यांनी त्याच्या आधारे 'सायंटिफिक इन्क्वायरी इन सोशल वर्क' हे पुस्तक तयार करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. समाजशास्त्रातील उदाहरणांच्या जागी समाजकार्याच्या व्यवहारातील उदाहरणे आली. व्यवसायाची नीती आणि संशोधन यांचा संबंध त्यात उलगडून दाखवण्यात आला.

टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतील रिबेका मॉल्डिन यांनी या पुस्तकावरून आपल्या विद्यार्थ्यांसाठी 'फाउंडेशन्स ऑफ सोशल वर्क रिसर्च' हे पुस्तक २०२० मध्ये सिद्ध केले. डिकार्लो यांनी कोरी कमिंग्ज व केट अॅग्नेली यांच्यासह खास पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'ग्रॅज्युएट रिसर्च मेथड्स इन सोशल वर्क' हे पुस्तक लिहिले.  व्हर्जिनियातील शैक्षणिक ग्रंथालयांच्या 'व्हिवा' या संघाचे अनुदान त्यासाठी मिळाले होते. विद्यार्थ्याने प्रकरणागणिक स्वतःच्या संशोधन प्रकल्पाची आखणी करत जावे, अशी या पुस्तकाची रचना आहे. प्रश्न कसा निवडावा, पूर्वसाहित्याचा आढावा कसा घ्यावा, नमुना कसा निवडावा या टप्प्यांसोबत स्वाध्याय दिलेले आहेत.

एका पुस्तकातून दुसरे व दुसऱ्यातून तिसरे निघाले तरी प्रत्येक वेळी मूळ लेखकाचा नामनिर्देश कायम राहिला. कोणालाही कोऱ्या पानापासून आरंभ करावा लागला नाही. प्रताधिकाराच्या नेहमीच्या चौकटीत अशा प्रत्येक पायरीसाठी प्रकाशकाची स्वतंत्र परवानगी व बहुधा शुल्क लागले असते.

पुस्तक स्वीकारण्याची प्रक्रिया

मुक्त पाठ्यपुस्तक स्वीकारणे म्हणजे विद्यार्थ्यांना केवळ दुवा देणे नव्हे. अनुभवी शिक्षक व ग्रंथपाल ही प्रक्रिया पुढील टप्प्यांनी करण्याची शिफारस करतात.

पहिला टप्पा अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांची मांडणी हा होय. अमेरिकी परिषदेच्या मानकांत विद्यार्थ्याने मिळवावयाच्या नऊ क्षमता दिल्या आहेत. आपला विषय त्यांपैकी कोणत्या क्षमतांसाठी आहे हे आधी निश्चित केले, तर पुस्तकातील कोणती प्रकरणे घ्यावयाची व काय कमी पडते हे कळते.

दुसरा टप्पा शोध व परीक्षणाचा आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या सूचीत प्राध्यापकांनी लिहिलेली परीक्षणे दिलेली असतात. व्याप्ती, अचूकता, कालसुसंगतता, भाषेची स्पष्टता, सुसंगती, प्रकरणांची सुटी करता येण्याजोगी मांडणी आणि सांस्कृतिक औचित्य यांसारख्या निकषांवर ती आधारलेली असतात. तरीही निदान दोन-तीन प्रकरणे शिक्षकाने स्वतः विद्यार्थ्याच्या नजरेतून वाचावीत, असे सुचवले जाते.

तिसऱ्या टप्प्यात परवाना तपासला जातो. संपूर्ण पुस्तकाचा परवाना एक व त्यातील एखाद्या छायाचित्राचा, तक्त्याचा वा मापनश्रेणीचा दुसरा, असेही असू शकते. दोन पुस्तकांतील मजकूर एकत्र करायचा असल्यास त्यांचे परवाने एकमेकांशी जुळणारे असावे लागतात.

चौथा टप्पा फेरफाराचा. तो सर्वच शिक्षकांना करावा लागत नाही. कित्येक जण पुस्तक आहे तसे वापरतात. काही जण प्रकरणांचा क्रम बदलतात, स्थानिक कायदे व संस्था यांची माहिती घालतात किंवा आपल्या भागातील प्रकरण-अभ्यास जोडतात. सेवार्थींवर आधारित प्रकरण-अभ्यास लिहिताना विशेष दक्षता लागते. वर्गापुरते वाटलेले टिपण वर्गातच राहते, पण मुक्त परवान्याखालील मजकूर कोठेही पोहोचू शकतो. म्हणून नाव बदलणे पुरेसे नसते. गाव, व्यवसाय, आजार, कुटुंबरचना यांच्या जुळणीतून व्यक्ती ओळखता येणार नाही हे पाहावे लागते. शंका असल्यास काल्पनिक प्रकरण रचणे अधिक योग्य ठरते.

पाचव्या टप्प्यात पुस्तक सर्वांना वापरता येईल याची खात्री केली जाते. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या वाचनयंत्रांना मजकूर वाचता येणे, चित्रांना शब्दवर्णन असणे, आंतरजाल नसताना उघडता येईल अशी प्रत मिळणे आणि छापील प्रतीची सोय असणे या बाबी त्यात येतात. अंकीय प्रत विनामूल्य असली तरी ती वाचण्याचे साधन विनामूल्य नसते.

शेवटचा टप्पा देखभालीचा आहे. दुरुस्त्यांची नोंद ठेवणे, मोडलेले दुवे बदलणे आणि आवृत्तीवर दिनांक घालणे ही कामे दरवर्षी करावी लागतात. सत्र चालू असताना मजकूर अचानक बदलल्यास विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. म्हणून सत्रापुरती एक आवृत्ती स्थिर ठेवली जाते.

परिणामकारकतेविषयीचे संशोधन

फुकट मिळणारी वस्तू कमी प्रतीची असते, हा समज पुस्तकांच्या बाबतीतही आढळतो. जॉन हिल्टन यांनी २०१६ मध्ये १६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. मुक्त साधने वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रगती सर्वसाधारणपणे इतरांएवढीच राहते, शिवाय त्यांचा खर्च वाचतो, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ मधील एका समग्र सांख्यिकी विश्लेषणातही शिकण्याच्या फलितात फरक आढळला नाही. मात्र मुक्त पुस्तके असलेल्या वर्गांत अभ्यासक्रम मध्येच सोडण्याचे प्रमाण कमी दिसले.

जॉर्जिया विद्यापीठातील २१,८२२ विद्यार्थ्यांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुक्त पुस्तके स्वीकारल्यानंतर गुणांत सुधारणा झाल्याचे त्यात दिसून आले. आर्थिक साहाय्य मिळणाऱ्या व अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ही सुधारणा अधिक होती.

या निष्कर्षांत वरवर विसंगती वाटते. तिचा उलगडा २०१९ मध्ये मांडल्या गेलेल्या 'उपलब्धता गृहीतका'ने होतो. एरवीही पुस्तक विकत घेतले असते अशा विद्यार्थ्याला मुक्त पुस्तकाने फारसा फरक पडत नाही. ज्याच्या हाती पुस्तकच आले नसते त्याला मात्र लाभ होतो. संपूर्ण वर्गाची सरासरी काढली की असे थोडे विद्यार्थी तीत झाकले जातात. त्यामुळे सरासरीत फरक न दिसणे म्हणजे कोणालाच लाभ न होणे नव्हे. हे बहुतेक अभ्यास पदवी पातळीवरील आहेत. पदव्युत्तर समाजकार्याला त्यांचे निष्कर्ष लागू करताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मर्यादा आणि आक्षेप

मुक्त पुस्तक वाचकाला विनामूल्य मिळते, पण ते तयार करण्यास श्रम लागतात. अनुदान नसल्यास हा भार शिक्षकावर पडतो. अनेक विद्यापीठांत पदोन्नतीसाठी संशोधनलेखांना मिळणारे महत्त्व पाठ्यपुस्तकाला मिळत नाही. कंत्राटी वा तासिका तत्त्वावरील शिक्षकांना तर या कामाचा मोबदलाही मिळत नाही. विद्यार्थ्यांचा खर्च वाचवताना शिक्षकांच्या श्रमांवर तो टाकला जाऊ नये, असा आक्षेप चळवळीतील लोकही घेतात.

विषयांचे असमान वाटप ही दुसरी मर्यादा आहे. संशोधनपद्धती, मानवी वर्तन, समाजकार्याची ओळख यांसारख्या विषयांवर मुक्त पुस्तके उपलब्ध आहेत. प्रगत चिकित्सालयीन विषयांत ती तुलनेने विरळ आहेत. काही ठिकाणी व्यावसायिक ग्रंथाला पर्यायच नसतो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची मानसिक विकारांच्या निदानाची नियमपुस्तिका हे त्याचे ठळक उदाहरण होय. तिची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. तिचा प्रताधिकार राखीव असल्याने मुक्त पुस्तकात तिच्यातील मजकूर घेता येत नाही. कित्येक मानसशास्त्रीय मापनश्रेणींची स्थिती हीच आहे.

व्यावसायिक प्रकाशक पुस्तकासोबत प्रश्नसंच, सादरीकरणे व चित्रफिती पुरवतात. मुक्त पुस्तकांसोबत असे पूरक साहित्य नेहमी मिळत नाही. संपादनाची प्रतही सर्वत्र सारखी नसते. मात्र पुस्तक मुक्त आहे म्हणून निकृष्ट किंवा महाग आहे म्हणून उत्तम, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक पुस्तकाचे परीक्षण स्वतंत्रपणेच करावे लागते.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

भारतातील समाजकार्य शिक्षणाचा अमेरिकी परंपरेशी आरंभापासून संबंध आहे. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही देशातील पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाली. नागपाडा येथे वस्तीकार्य करणारे अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक होते. १९४४ मध्ये तिचे नामकरण टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले. पुढे मुंबईत निर्मला निकेतन व पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. पाश्चात्त्य ग्रंथ भारतीय वास्तवाला कितपत लागू पडतात, हा प्रश्न या शिक्षणात दीर्घकाळ चर्चिला गेला आहे.

भारतात विनामूल्य साहित्याचे काही मोठे साठे आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या 'ई-ज्ञानकोश' या संग्रहात समाजकार्याचे अभ्याससाहित्य आहे. पदव्युत्तर विषयांसाठीच्या 'ई-पीजी पाठशाला' या उपक्रमातही समाजकार्याचा समावेश आहे. मात्र वाचता येणे व बदलता येणे यांतील भेद येथेही लागू होतो. कोणत्याही पाठाचे रूपांतर वा भाषांतर करण्यापूर्वी त्यावरील परवाना पाहणे आवश्यक असते.

भारतीय विद्यार्थी पुस्तकांच्या किमतीवर छायाप्रतींचा उपाय योजत आले आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रत केंद्राविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. अध्यापनाच्या ओघात आवश्यक साहित्याच्या प्रती काढणे १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ च्या अपवादात बसते, असे न्यायालयाने म्हटले. खंडपीठाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही भूमिका तत्त्वतः मान्य केली. तथापि या अपवादाने प्रत मिळते, मजकूर सुधारून प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळत नाही. तो मुक्त परवान्यानेच मिळतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा अधिकार विशेष उपयोगाचा आहे. त्यांचे क्षेत्रकार्य वस्तीत, आदिवासी पाड्यावर, शासकीय रुग्णालयात किंवा अंगणवाडीत चालते आणि तेथील संभाषण बहुधा मराठीत वा तिच्या बोलींत होते. संदर्भग्रंथ मात्र मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत असतात. अमेरिकी पुस्तकातील आरोग्य विमा वा बालकल्याण यंत्रणेची उदाहरणे येथे लागू पडत नाहीत. त्यांच्या जागी २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा, २०१५ चा बाल न्याय कायदा किंवा आशा कार्यकर्तीचे काम ही उदाहरणे घालता येतात. रूपांतरास अनुमती असलेल्या पुस्तकाचे एखादे प्रकरण मराठीत आणण्यासाठी श्रेयनिर्देश व परवान्याच्या इतर अटी पाळणे पुरेसे असते.

असे भाषांतर करताना पारिभाषिक संज्ञांचा प्रश्न येतो. उदाहरणार्थ, संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीची 'माहितीपूर्ण संमती' ही संज्ञा पुस्तकात शोभते. पण निरक्षर स्त्रीला तिचा अर्थ समजावताना 'नाही म्हणालात तरी तुमची मदत थांबणार नाही' हे साध्या शब्दांत सांगता यावे लागते. पाठ्यपुस्तकात संज्ञा व तिचा हा बोलीतील उलगडा दोन्ही शेजारी देता आले, तर विद्यार्थ्याला ते वर्गात आणि क्षेत्रकार्यात सारखेच उपयोगी पडते.